कुलवृत्तांताची तिसरी आवृत्ती: दोन खंड आणि एक कंस

आमच्या माहेरच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची तिसरी आवृत्ती २०२३ साली प्रसिद्ध झाली. दोन खंड, मिळून अकराशेच्या आसपास पाने, किंमत १८०० रुपये आणि टपालखर्च वेगळा. घराण्याचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही. ज्या गोष्टीविषयी मला तक्रार करायची आहे ती एकट्या आमच्या घराण्यात घडते असे मला वाटत नाही. शिवाय निवृत्तीनंतरची चार वर्षे विनामोबदला खर्च करून, गावोगाव फिरून, लोकांच्या मिनतवाऱ्या करून ज्यांनी हे काम पुरे केले त्या वडीलधाऱ्यांना चव्हाट्यावर आणण्याची माझी इच्छा नाही. मात्र आपल्या घराण्याचा असा ग्रंथ विकत घेण्याच्या किंवा काढण्याच्या विचारात जे असतील त्यांनी पैसे भरण्यापूर्वी काय पाहून घ्यावे, हे सांगणे मला आवश्यक वाटते.

पहिल्या खंडाबद्दल मला फारसे उणे बोलायचे नाही. गुहागर तालुक्यातील मूळ गावाचा हाताने काढलेला नकाशा त्यात आहे, व्याडेश्वराच्या आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरीच्या उपासनेची माहिती आहे, पेशवाईत घाट चढून देशावर आलेल्या शाखा पुढे इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोदे येथे कशा पसरल्या याचे टिपण आहे. मोडी कागदांची देवनागरी लिप्यंतरे मूळ छायाचित्रांशेजारी छापली आहेत, ही गोष्ट विशेष कौतुकाची. खोती गेल्यानंतर कोकणातल्या शाखेची जी वाताहत झाली तिच्यावरचे प्रकरण तर मी दोनदा वाचले. १९४९ च्या कायद्याने खोती नाहीशी झाली हे शाळेत शिकलो होतो. पण त्यानंतर आपल्याच चुलतघराण्यातील सात भाऊ मुंबईला गिरणगावाच्या आसपास एकाच खोलीत राहून नोकऱ्या करीत होते, हे मला या खंडाने सांगितले. कागद जाड आहे, शिलाई दोऱ्याची आहे आणि पुस्तक उघडे ठेवले तर उघडेच राहते. अशा ग्रंथांत हा गुण दुर्मीळ आहे.

खरा प्रश्न दुसऱ्या खंडाचा, म्हणजे वंशावळींचा आहे. लोक हा ग्रंथ घेतात तो त्यासाठीच. घरी पार्सल आले की प्रत्येक जण प्रथम आपले पान शोधतो, आपले नाव शुद्ध छापले आहे ना ते पाहतो आणि मगच चहा पितो. मीही तेच केले. माझे पान सापडले, माझे नाव सापडले, आणि त्याच्या वरच्या पिढीत, माझ्या वडिलांच्या नावाच्या डाव्या बाजूला, माझ्या आत्याचे नाव सापडले. आत्या २०११ साली वारली. आपल्या माहेरच्या वंशावळीत आपले नाव छापलेले तिने कधी पाहिले नाही.

नावापुढे सासरचे आडनाव, गाव फलटण, आणि त्यापुढे कंसात एक शब्द: (आंतरजातीय).

आत्याची हकिगत थोडक्यात सांगितल्याशिवाय या कंसाचा अर्थ कळणार नाही. ती पुण्यात सी.डी.ए.मध्ये, म्हणजे लष्करी हिशेबांच्या कार्यालयात, कारकून होती. त्या काळी पेठांमधल्या अनेक शिकलेल्या मुली तेथे लागत. त्याच विभागात तिचे यजमान होते. फलटणजवळच्या एका खेड्यातून आलेले, आधी महार आणि १९५६ नंतर बौद्ध झालेल्या कुटुंबातले पहिले पदवीधर. दोघांनी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे ठरवले. त्या कायद्यानुसार विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशा जागी लावली जाते आणि तीस दिवस हरकतींची वाट पाहावी लागते. जून १९६१ मध्ये ती नोटीस लागली, आजोबांच्या ओळखीच्या कोणीतरी ती वाचली, आणि त्याच संध्याकाळी आत्याला नारायण पेठेतले घर सोडावे लागले. ती एका मैत्रिणीच्या घरी राहू लागली. तीस दिवस पुरे झाले आणि १२ जुलैला पानशेतचे धरण फुटले.

पुढची हकिगत मी दोघींच्या तोंडून दोन प्रकारे ऐकली आहे. आजी सांगे की घरात छातीएवढे पाणी येऊन गेले, चार दिवस आम्ही चिखल उपसत होतो आणि ही फिरकलीसुद्धा नाही. आत्या सांगे की दुसऱ्याच दिवशी ती बादली घेऊन दारापर्यंत आली होती, आजोबांनी तिला उंबऱ्याबाहेरच थांबवले आणि ‘येथे तुझे काही वाहून गेलेले नाही’ एवढे म्हणून ते आत गेले. दोघीही खोटे बोलत नसाव्यात, कारण आजी त्या वेळी माजघरात होती. ऑगस्टमध्ये लग्न झाले. तीन साक्षीदार लागतात. तिघेही कचेरीतले होते. त्यानंतर आत्याचे घरात जे काही होते, फोटो, शाळेची प्रशस्तिपत्रके, मॅट्रिकचा दाखला, ते सगळे ‘पुरात गेले’ असे आम्हा मुलांना सांगण्यात येई. पुरात अनेकांचे बरेच काही खरोखर गेले होते, त्यामुळे कोणी अधिक विचारीत नसे.

कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती १९७४ सालची. तीत आजोबांच्या नावाखाली ‘अपत्ये तीन’ असे छापले आहे. ती चार होती. आजोबा आयुष्यभर एका वकिलांकडे कारकून होते आणि त्यांचे कायद्याचे वाचन पक्के होते. त्या वेळच्या संपादकांना त्यांनी लिहिलेल्या पत्राची नक्कल वडिलांच्या कागदांत मला मिळाली. विशेष विवाह कायद्याच्या एकोणिसाव्या कलमाचा हवाला देऊन त्यांनी कळवले आहे की या कायद्याखाली विवाह करणारी अविभक्त हिंदू कुटुंबातील व्यक्ती त्या कुटुंबातून विभक्त झाली असे मानले जाते, सबब तिचा समावेश करण्याचे प्रयोजन नाही. कलम खरोखर तसेच होते. त्याचा संबंध मिळकतीशी आहे, वंशावळीशी मुळीच नाही, हे आजोबांना माझ्याहून अधिक चांगले ठाऊक असणार. १९७६ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि वधू-वर दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर हे विभक्त होणे लागू होईनासे झाले. पण आवृत्ती छापून दोन वर्षे झाली होती आणि आमच्या घरात कायद्यातल्या दुरुस्त्या आल्याबरोबर वाचल्या जात असल्या तरी प्रत्येक वेळी मोठ्याने वाचल्या जात नसत.

आत्याच्या यजमानांना ‘आतोबा’ अशी हाक मी पहिल्यांदा मारली ती १९७९ साली, तेरा वर्षांची असताना, वडील आम्हाला आजोबांच्या नकळत त्यांच्या येरवड्याच्या घरी घेऊन गेले तेव्हा. आतोबांनी मला आणि माझ्या भावाला कॅरम खेळायला बसवले. परत येताना वडिलांनी वाटेत रिक्षा थांबवून आम्हाला बजावले की आपण बंडगार्डनला गेलो होतो. पुढे चार वर्षे, आजोबा जाईपर्यंत, आम्ही महिन्यातून एकदा बंडगार्डनला जात होतो.

आता तिसऱ्या आवृत्तीकडे वळते. आत्याचे नाव आले याचा आनंद मला झाला नाही असे मी म्हणणार नाही; पान उघडल्यावर काही वेळ मला पुढचे अक्षर दिसेना. कंस खटकला तो नंतर, रात्री. प्रथम वाटले की हा संपादकीय नियम असेल. ज्यांचे विवाह जातीबाहेर झाले त्या सर्वांपुढे तसे लिहिले असेल. म्हणून पुढचे तीन आठवडे रोज थोडी थोडी पाने घेऊन मी दुसरा खंड पेन्सिलीने तपासला. ‘आंतरजातीय’ हा शब्द एकंदर अकरा ठिकाणी आला आहे आणि अकराही ठिकाणी तो घराण्यातल्या मुलींच्या नावांपुढे आहे. मुलांनी जातीबाहेर केलेले विवाह, सुनांच्या माहेरच्या आडनावांवरून माझ्यासारखीला ओळखता आले तेवढेच मोजले तरी, चाळिसाहून अधिक भरतात. त्यांतल्या एकाही नावापुढे कंस नाही. सून आली की ती घराण्याची झाली, तिचे मूळ सांगण्याचे कारण उरले नाही, असा हा न्याय दिसतो. परदेशी सुनांच्या बाबतीत तर सढळपणा आहे: जर्मनीत स्थायिक झालेल्या एका पुतण्याच्या पत्नीची विद्यापीठासह चार ओळींची माहिती आणि उपरणे पांघरलेल्या पुतण्याशेजारी नऊवारीतला तिचा रंगीत फोटो आहे. फोटो सुंदर आहे. धर्माचा उल्लेख नाही, आणि नसावाच.

हा भेद संपादकांनी नव्याने शोधून काढलेला नाही. १९४९ साली हिंदू विवाह वैधतेचा कायदा होण्यापूर्वी न्यायालयेही असाच भेद करीत. वरच्या मानलेल्या वर्णाच्या पुरुषाने खालच्या मानलेल्या वर्णातील स्त्रीशी केलेला अनुलोम विवाह मुंबई उच्च न्यायालयाने ग्राह्य धरला होता. त्याच्या उलट, म्हणजे प्रतिलोम विवाह मात्र अवैध ठरत असे. १९४९ च्या कायद्याने जातीच्या कारणावरून असे विवाह अवैध ठरवण्याची सोय काढून घेतली, आणि तीही पूर्वी झालेल्या विवाहांसकट. आमच्या दुसऱ्या खंडात अनुलोम आणि प्रतिलोम हे शब्द कोठेही नाहीत, पण कंस नेमका त्याच रेषेवर पडलेला आहे. संपादक मंडळातील एकालाही हे ठाऊक नसेल, याची मला जवळजवळ खात्री आहे.

मी मंडळाला फोन केला. बोलणारे गृहस्थ अतिशय सौजन्याने बोलले. त्यांचे म्हणणे असे की माहितीच्या फॉर्ममध्ये मुलींसाठी ‘सासर’ या रकान्यात ‘विवाहाचा प्रकार’ असा पोटरकाना होता, तेथे ज्याने जे भरले ते छापले. मग मुलांच्या फॉर्ममध्ये तो पोटरकाना का नव्हता, असे विचारल्यावर ते थोडे थांबले आणि म्हणाले, ‘ताई, हे कोणाच्या लक्षातच आले नाही हो.’ मला त्यांचे म्हणणे खरे वाटले.

दुसरी त्रुटी याहून गंभीर आहे. या आवृत्तीचे वैशिष्ट्य म्हणून जाहिरातीत सांगितले होते की प्रथमच मुलींची मुलेही नोंदवली जातील. हे खरोखर स्वागतार्ह आहे. माझी दोन्ही मुले त्यामुळे या ग्रंथात आली, आणि मी स्वतः पूर्वीच्या हिशेबाने एका ओळीवर संपले असते ती आता अडीच ओळींची झाले. परंतु आत्याच्या नावाखाली जागा कोरी आहे. तिला एक मुलगा, एक मुलगी आणि तीन नातवंडे आहेत. त्यांची नावे का नाहीत, तर त्यांचा फॉर्म आला नाही. फॉर्म का आला नाही, तर त्यांना पाठवलाच नाही, कारण फॉर्म आधीच्या आवृत्तीतील पत्त्यांवरून पाठवले गेले आणि आधीच्या आवृत्तीत आत्या नव्हती. तिचे स्वतःचे नाव आले ते माझ्या भावाने आपल्या फॉर्मच्या मागच्या बाजूला हाताने लिहून कळवले म्हणून. ‘आंतरजातीय’ हा शब्दही त्याच्याच हातचा. तो म्हणतो, ‘मी अभिमानाने लिहिले होते.’ माझा त्याच्यावर विश्वास आहे. १९७४ साली एका माणसाने पत्र लिहून एक नाव काढायला लावले; त्यानंतर कोणालाही काहीही करावे लागले नाही, पत्त्यांच्या यादीने ते काम आपोआप पुढच्या दोन पिढ्यांपर्यंत चालू ठेवले. आपल्या घराण्याचा ग्रंथ काढणाऱ्यांनी एवढे तरी करावे, की जुन्या यादीवर विसंबू नये आणि प्रत्येक शाखेतील वयस्क स्त्रियांना समक्ष भेटून विचारावे की कोणाचे नाव गाळले गेले आहे. त्यांना ठाऊक असते.

एक गोष्ट मला चाळताना जाणवली ती येथेच नोंदवते. वंशावळीत दत्तक पुत्र तुटक रेषेने दाखवले आहेत. ही प्रथा जुनी आहे. दुसऱ्या घरातून आलेला मुलगा तुटक रेषेने का होईना जोडला जातो आणि त्याच्यापुढची सगळी प्रजा ठळक रेषेने घराण्याची होते. आमच्या शाखेत असे दत्तक तीन आहेत आणि त्यांच्यापैकी एकाची प्रजा म्हणजे आम्हीच. तेव्हा रक्ताचा आग्रह या ग्रंथाने कधीच धरलेला नाही.

प्रकाशन कुलसंमेलनात झाले. मी आत्तेबहिणीला बरोबर नेले. ती बँकेतून निवृत्त झाली आहे आणि यायला सहज तयार झाली, कारण तिला आईच्या मूळ गावाचा नकाशा पाहायचा होता. पंगतीत शेजारच्या बाईंनी तिचे आडनाव विचारले. आडनाव गावावरून पडलेले आहे, त्यावरून काही समजत नाही. मग मूळ गाव विचारले, मग गावात घर कोठे आहे ते विचारले. हे प्रश्न कशासाठी असतात हे मराठी माणसाला सांगावे लागत नाही. ‘वेशीच्या बाहेर,’ ती म्हणाली आणि तिने वाढप्याला हाक मारून दुसरी जिलबी मागून घेतली. बाईंनीही पुढे काही विचारले नाही. उलट हात धुताना त्यांनी तिला आपला फोन नंबर दिला आणि बँकेतल्या मुदतठेवींविषयी सल्ला विचारला. संमेलनाची व्यवस्था, जेवण आणि ध्वनिक्षेपक या तिन्ही गोष्टी उत्तम होत्या, असे परीक्षण म्हणून नमूद करते.

परतताना गाडीत तिने दुसरा खंड मांडीवर घेऊन पाने मोजली. आईच्या बाजूने तिला चौदा पिढ्यांची नावे मिळाली. वडिलांच्या बाजूने तिच्याजवळ चार आहेत. तीर्थोपाध्यायांच्या वह्या, इनामांचे कागद, पेशवे दफ्तरातील नोंदी, ज्यांच्या आधारावर आमच्यासारखी घराणी आपली पाळेमुळे छापून काढतात, त्यांतले काही तिच्या वडिलांच्या घरात कोणाच्या ऐकिवातही नाही. चौथे नाव तिला मिळाले ते महार वतनाच्या कागदांत. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने संपवली गेली तेव्हा जमिनींची जी फेरफारे झाली त्यांत तिच्या खापरपणजोबांचे नाव, नुसते नाव, बापाच्या नावाशिवाय, तिच्या भावाने तहसील कचेरीत दोन हेलपाटे घालून शोधले. तिच्या मुलीने या दोन्ही बाजू एकाच मोठ्या कागदावर मांडायला घेतल्या आहेत. एका बाजूला चौदा पायऱ्या आणि दुसऱ्या बाजूला चार, असा तो कागद एकीकडे कललेला दिसतो, आणि तो तसाच राहू द्यावा असे त्या मुलीचे म्हणणे आहे. त्याच मुलीने मला एकदा विचारले होते की आजीच्या माहेरी कोणाला छातीचा कर्करोग होता का, कारण तिच्या डॉक्टरांनी तीन पिढ्यांची माहिती मागितली होती. मी आठवून तिला दोन नावे सांगितली. ग्रंथात मृत्यूचे साल आहे, कारण कोठेही नाही. पुढच्या संपादकांनी हा रकाना जरूर वाढवावा. विवाहाच्या प्रकारापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

छपाईच्या चुका आहेत, पण सहन करण्याजोग्या. नावांची सूची मात्र निरुपयोगी आहे. ती फक्त पुरुषांच्या नावांची असल्यामुळे एखादी स्त्री शोधायची तर आधी तिचा बाप ठाऊक असावा लागतो. बरोबर मिळणाऱ्या संकेतस्थळाच्या परवलीच्या शब्दाने माझ्या संगणकावर तीन प्रयत्नांनंतर काम केले. तेथे वंशावळ मोठी करून पाहता येते, हा वयस्क डोळ्यांना मोठा आधार आहे.

मंडळ पुढील वर्षी शुद्धिपत्रासह पुरवणी काढणार आहे आणि तिच्यासाठी नोंदी स्वीकारणे चालू आहे. आत्याच्या शाखेचा फॉर्म मी आत्तेबहिणीच्या सहीने पाठवला आहे. ‘विवाहाचा प्रकार’ या ठिकाणी तिने ‘नोंदणी पद्धतीने, ऑगस्ट १९६१, पुणे’ असे लिहिले. कंस काढावा किंवा तो चाळिसांहून अधिक मुलांच्या नावांपुढेही घालावा, असे वेगळे पत्र मी त्यासोबत जोडले असून पानांचे क्रमांक त्यात दिले आहेत. पोच मिळाली आहे, उत्तर अजून नाही. ज्यांना संच घ्यायचा आहे त्यांनी पहिला खंड स्वतंत्रपणे ७०० रुपयांना मागवावा, तो निश्चित घेण्यासारखा आहे. दुसऱ्यासाठी पुरवणी निघेपर्यंत थांबावे.